वास गेला

आमचा धंदा वास काढण्याचा. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग नकळत स्वतःच्या घरातली हवा हुंगतात आणि जाताना हळूच आमचा फोन नंबर मागून घेतात. सिगारेटचा वास, कुत्र्यामांजरांचा, ओल धरलेल्या भिंतींचा, आग विझल्यावर महिनोन्‌महिने कपाटात बसून राहणारा जळकट वास, असे सगळे वास आम्ही काढतो. आमचे हे कामं मिळवतात आणि गावोगाव फिरतात. यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भावजी, मशीनं सांभाळतात. मी व्हॅन चालवते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि घाबरते. घाबरण्याचं खातं आमच्या घरात पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

मशीन म्हणजे सुटकेसएवढा पत्र्याचा डबा. त्यात एका बाजूने पंखा हवा ओढतो, मधे विजेच्या बारीक ठिणग्या उडत राहतात आणि दुसऱ्या बाजूने ओझोन बाहेर पडतो. हवेतला ऑक्सिजन जोडीजोडीने राहतो. वीज त्यातल्या काही जोड्या फोडते आणि सुटा पडलेला एकेकजण दुसऱ्या एखाद्या जोडीत जाऊन बसतो. असे तिघे झाले की तो ओझोन. हा तिसरा म्हणजे नवराबायकोच्या संसारात मुक्काम ठोकलेला पाहुणा. तो फार टिकत नाही आणि निघताना समोर दिसेल त्याला चावून जातो. वासाला चावला की वास मरतो, बुरशीला चावला की बुरशी मरते, रबराला चावला की रबराला चिरा पडतात. माणसाच्या फुप्फुसाला चावला तर काय होतं, ते मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर छापलेलं आहे. ती पुस्तिका घरात फक्त मी वाचली आहे. मी औषधाच्या बाटलीवरचं आणि लिफ्टमधल्या पाटीवरचंसुद्धा सगळं वाचते.

"भित्री भागूबाई," भावजी म्हणायचे. "वहिनी, तुम्ही जन्माला येतानासुद्धा आधी दार किलकिलं करून बघितलं असेल."

त्यांना कशाचीच भीती वाटत नसे. शिडी हलत असली तरी ते चढायचे, कुत्रा गुरगुरत असला तरी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. अशा माणसाबरोबर काम करायचं म्हणजे आपण दोघांच्या वाटचं घाबरायचं. मी ते मनापासून करत आले.

आमच्या धंद्यात सगळ्यांच्या आवडीचे दोन शब्द आहेत: वास गेला. मशीन ठरलेल्या वेळी टायमरवर बंद होतं, मग खोली तशीच ठेवायची. उरलेला ओझोन हळूहळू फुटून पुन्हा साधा ऑक्सिजन होतो. मग भावजी दाराशी जाऊन हुंगतात आणि ओरडतात, "वास गेला!" म्हणजे गिऱ्हाइकाचा वासही गेला आणि गॅसचाही गेला. मग खिडक्या उघडायच्या, मशीनं उचलायची आणि निघायचं. या दोन शब्दांवर आमचं घर चालतं.

त्या आठवड्यात हे बाहेरगावी होते आणि काम होतं एका तळघराचं. घरमालकीणबाईंनी ते एका खाटकाला साठवणीसाठी भाड्याने दिलं होतं. खाटीक दुकान बंद करून निघून गेला आणि फ्रीझर मांसासकट तिथेच राहिला. पुढे कधीतरी त्याची वीज गेली. बाईंनी दार उघडलं तेव्हा जिन्यातच त्यांना ओकारी झाली. फ्रीझर कुणीतरी उचलून नेला होता, पण वास जमिनीत, भिंतीत, लाकडी फळ्यांत मुरून बसला होता. भावजींनी एकाऐवजी दोन मशीनं लावली. एक जिन्याजवळ ठेवलं आणि एक पार मागे, फळ्यांच्या आड. दोन्हींचे टायमर पहाटेपर्यंतचे लावले, दार बंद केलं आणि आम्ही घरी आलो.

सकाळी उशिराच पोहोचलो. मी वरच्या मजल्यावर बाईंच्या बैठकीच्या खोलीत बसले, कारण बाईंना बोलायला माणूस हवं होतं. भाडेकरू, जावई, गुडघे असं सगळं त्यांनी ओळीने मांडलं. खिडक्या उघड्या होत्या, वारा येत होता. भावजी खाली गेले. थोड्या वेळाने जिन्यातून त्यांचा आवाज आला.

"वहिनी, वास गेला!"

"दोन्ही?"

"दोन्ही! नावाला नाही. बाईंना सांगा, खाली आता पंगत बसवता येईल."

"मग खिडकी उघडा," मी म्हटलं आणि पुन्हा जावयाकडे वळले.

बाईंना काम बघायचं होतं. माझं काय जातं, म्हणून मी त्यांच्या पुढे जिना उतरू लागले. अर्धा जिना उतरले आणि एकदम थांबले. नाकात सुई टोचावी तसा वास आला. झेरॉक्सचं मशीन दिवसभर चालल्यावर दुकानात येतो तसलाच, पण शंभर पट तिखट. डोळ्यांना पाणी आलं. घशात खवखवलं. बाई माझ्या मागून म्हणाल्या, "अगंबाई, हे काय?" आणि पदर नाकाला लावून उलट्या पावली वर गेल्या.

तळघराचं दार सताड उघडं होतं. आत दिवा लागला होता. अगदी मागे, भिंतीत छताजवळ लोखंडी झडपेची एक छोटी खिडकी होती. तिच्याखाली खोक्यावर उभे राहून भावजी झडप हिसडत होते. झडप गंजलेली होती. तोंडावर मास्क नव्हता.

"भावजी, बाहेर या!"

"अहो, वास गेलाय! या ना, बघा तरी." एवढं बोलून ते खोकले. खोकला आवरला आणि पुन्हा झडपेला भिडले.

"गेलेला नाही! मला येतोय!"

"तुम्हाला सगळंच येतं!"

मला माझे पाय आठवतात. ते मला खाली नेईनात. ओझोन हवेपेक्षा जड असतो, खाली खाली साचतो. तळघर म्हणजे त्याच्यासाठी भरलेला हौद, आणि तळघराच्या गारव्यात तो जास्त वेळ टिकतो. हे सगळं मला पाठ होतं आणि पाठ होतं म्हणूनच मी तिथे खांबासारखी उभी होते. मग वळले आणि व्हॅनकडे पळाले. मास्क व्हॅनमध्ये मशीनांच्या शेजारी खुंटीला असतो. तो पडू नये म्हणून त्याचा रबरी पट्टा भावजींनी दोन खुंट्यांवर ताणून अडकवून ठेवला होता. मी मास्क ओढला आणि पट्टा हातात तुटला. सैल ठेवलेलं रबर ओझोनजवळही बरेच दिवस टिकतं, ताणलेलं रबर मात्र लवकर चिरतं. पट्ट्याला आडव्या बारीक चिरा पडल्या होत्या.

तुटका मास्क हातात घेऊन मी परत जिन्याशी आले. आतून खोकण्याचा आवाज येत होता, आता सलग. त्या खोकल्याच्या खाली एक बारीक घरघरही ऐकू येत होती.

मी खाली गेले नाही. शूरपणा म्हणून सांगावं असं काही माझ्या हातून झालं नाही. जिन्याच्या तोंडाशी विजेचा बोर्ड होता. मी त्याचा मोठा खटका खाली ओढला. तळघर काळं ठिक्कर झालं.

"ए! कोण आहे रे तिकडे?" भावजी आतून ओरडले. खोकं पडलं, शिवी ऐकू आली, फळीला काहीतरी आपटलं. मग ते चाचपडत, खोकत, रागाने लाल होऊन जिना चढून वर आले. डोळे तर त्याहून लाल होते.

"तुम्ही केलंत?"

"मीच केलं."

"अहो, उघडत आली होती ती झडप!"

मी त्यांना बाही धरून अंगणात ओढलं. घरमालकीणबाई तिथेच उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "तळघराकडे कुणालाही फिरकू देऊ नका. आणि बोर्डवर तुमचा पाण्याचा पंप असेल तर तोही बंद झालाय."

"पंप?" बाई म्हणाल्या. "पंप तर कालच दुरुस्तीला गेलाय."

भावजी माझ्याकडे बघायला लागले. त्यांनीही ती घरघर ऐकली होती आणि पंपच असेल असं धरलं होतं. फळ्यांआडच्या मशीनचा टायमर अडकला होता. ते मशीन पहाटे बंद झालंच नव्हतं. रात्रभर, सकाळभर आणि भावजी झडपेशी झटापट करत होते तोवरही, ते गॅस ओतत होतं.

"बसा गाडीत," मी म्हटलं.

"कुठे?"

"दवाखान्यात."

ते हसले. हसताना खोकले. पण बसले.

रस्त्यात त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "छाती जरा आवळल्यासारखी वाटते, बाकी ठणठणीत. बाहेर आल्याबरोबर बरं वाटलं. खरं सांगू का, मला काहीच वास आला नाही हो. तुमच्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची कशाला? मांसाचा तरी आला?"

"नाही ना! म्हणून तर म्हटलं, काय काम झालंय!"

"आणि सकाळी कॉफी घेतलीत, तिचा?"

ते आठवायला लागले. मग म्हणाले, "पाणचट होती. तिला काही वासच नव्हता. बायकोला मी बोललोसुद्धा."

त्या कॉफीच्या आधी ते आमच्या गोदामात बसून तिसरं, नादुरुस्त मशीन चालू-बंद करून बघत होते. बाहेर गारठा होता म्हणून दार लावून घेतलं होतं. ओझोनचं हे कपट मी त्याच शेवटच्या पानावर वाचलं होतं. हवेत अगदी चिमूटभर असला तरी नाकाला लगेच कळतो, पण नाक त्याला लवकर सरावतं, दमतं आणि मग सांगायचंच सोडून देतं. भावजी तळघराच्या दाराशी उभे राहिले तेव्हा त्यांचं नाक कधीच मिटलं होतं. वास गेला, हे त्यांनी खरंच सांगितलं होतं. फक्त तो खोलीतला गेला नव्हता, त्यांच्या नाकाचा गेला होता. आपण दोन्हींना एकच म्हणतो आणि इतक्या वर्षांत, 'कुठला गेला?' असं विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

मी गाडीचा वेग वाढवला.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, पण तिने हसण्यावारी नेलं नाही. बोटाला चिमटा लावला, छाती ऐकली, फोटो काढला. सगळं ठीक होतं.

"आत्ता काय होतंय तुम्हाला?"

"भूक लागलीय," भावजी म्हणाले.

"फोटो साफ आहे," डॉक्टर मला म्हणाली. "पण या गॅसचं लगेच काही दिसत नाही. फुप्फुसांना आतून सूज आली तर तिला वेळ लागतो आणि मग पाणी भरतं. यांना संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या. चालायचं नाही, जिने नाहीत, पडून राहायचं."

हेच शेवटच्या पानावर होतं. माणूस हिंडतो, फिरतो, जेवतो, आणि मग काही तासांनी कोरड्या जमिनीवर बुडतो. ते वाचलं त्या दिवशी मी पुस्तिका उलटी करून ठेवली होती.

दुपारी धाकटी आली, भावजींची बायको. ती शिवणकाम करते, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. तिने नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. ते खाटेवर पाय हलवत बसले होते आणि शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना माझी नक्कल करून दाखवत होते.

"यांना काय झालंय?" तिने मला विचारलं.

"अजून काही नाही."

"म्हणजे?"

"व्हायचंय," मी म्हटलं आणि बोलल्याबरोबर जीभ चावली.

"काय हे ताई, अभद्र बोलताय!" तिचा चेहरा उतरला, मग चिडला. "चांगला धडधाकट माणूस तुम्ही खाटेवर आणून बसवलाय. मी शिलाई टाकून धावत आले, वाटेत काय काय मनात आलं माझ्या!"

"तेच म्हणतोय मी," भावजी म्हणाले. "वहिनींचं समाधान झालं, डॉक्टरीणबाईंचं झालं. आता सही करून निघतो. घरी जाऊन पडतो की. खाट काय, घरीही आहे."

घर म्हणजे चौथा मजला आणि लिफ्ट बंद. मी डॉक्टरला शोधायला गेले. ती दुसऱ्या कुणाचा जीव वाचवण्यात गुंतली होती, दाराआड. नर्स म्हणाली, येतील. मी परत आले तेव्हा भावजी अंगात शर्ट घालत होते. धाकटी पिशवी भरत होती. दोघं मला दिसत होती हसताबोलताना, आणि मला रडू फुटेल असं वाटत होतं. सगळ्यांना दिसत होतं ते खरं, आणि मला एकटीला दिसत होतं ते खूळ. कदाचित खूळच असेल, असंही क्षणभर वाटलं. इतकी वर्षं मी ज्याला ज्याला घाबरले, त्यातलं काय खरं झालं होतं?

तरी मी त्यांचे बूट खाटेखालून काढले आणि माझ्या पिशवीत घातले. वर ओढणी कोंबली. चाळिशी ओलांडलेली बाई, धंदा चालवणारी, आणि शाळेत पोरं करतात तसं केलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"बूट कुठे गेले माझे?" भावजी म्हणाले.

"मला काय ठाऊक?"

"आत्ता इथे होते."

"बघा खाटेखाली, आत सरकले असतील."

धाकटी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं असावं. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावजी गुडघ्यांवर बसले आणि खाटेखाली वाकले. वाकलेलेच राहिले. एक खोकला आला, मग दुसरा. तळघरातल्यासारखा कोरडा नव्हता तो. तो ओला होता. ते खाटेचा पाय धरून मागे टेकले, जमिनीवरच बसले. तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण ओठ निळसर दिसत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "श्वास... पुरत नाही."

ओठांच्या कडेला गुलाबी फेस आला.

धाकटी किंचाळली. मी किंचाळले नाही, का ते मला माहीत नाही. मी धावत सुटले आणि ज्या दाराआड डॉक्टर होती ते दार दोन्ही हातांनी बडवलं. माणसं आली, चाकांची खाट आली, नळ्या आल्या. त्यांनी भावजींना बसतं धरूनच नेलं, कारण आडवं केलं की ते गुदमरत होते. धाकटी मागे धावताना टेपमध्ये पाय अडकून पडली. मी तिला उचललं. ती माझ्या खांद्यावर डोकं आपटत होती आणि म्हणत होती, "जिन्यात झालं असतं, ताई, जिन्यात झालं असतं." 

मग बंद दाराबाहेरचं बाक. मी बाहेरगावी यांना फोन केला, तेवढंच बोलले की निघा. धाकटीने माझा हात सोडला नाही. भीती वाटत होती म्हणणं फार कमी आहे. माझ्या आत दुसरं काही उरलंच नव्हतं. माणूस ज्याच्यावाचून जगू शकत नाही त्याच ऑक्सिजनमध्ये एक जास्तीचा येऊन बसला, एवढंच तर झालं होतं. आणि आता आत तोच ऑक्सिजन नळीने त्यांच्या छातीत ढकलत होते, आणि त्यांच्या छातीत त्याला जागा नव्हती.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आली. तिचा चेहरा दमला होता. "औषधं दिलीत, दाबाने हवा देतोय. पुढचे काही तास बघायचे. एकेकजण आत जा, त्यांना बोलायला लावू नका. फार अस्वस्थ आहेत, मास्क ओढून काढतायत. शांत राहिले तर बरं."

धाकटी गेली आणि लगेच परत आली. तिला उभं राहवत नव्हतं. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी रडले की ते जास्त घाबरतात."

घाबरतात? हा शब्द मी त्या माणसाच्या बाबतीत कधी ऐकला नव्हता.

ते उशांना टेकून बसले होते. तोंडानाकावर घट्ट मास्क, त्यातून हवा जोरात फुसफुसत होती. डोळे विस्फारलेले. मला बघून त्यांनी मास्कला हात घातला. मी तो हात पकडला, पण कडेने त्यांनी मास्क थोडा उचललाच.

"वहिनी, भीती वाटतेय," ते म्हणाले. "खूप. काय करू?"

थट्टा नव्हती. ते खरंच विचारत होते. ज्या गोष्टीला आयुष्यभर हसले ती पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर आली होती आणि तिच्यासमोर कसं उभं राहायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

मी मास्क नीट बसवला. खुर्ची ओढून खाटेला चिकटून बसले. 

"घाबरा," मी म्हटलं. "खुशाल घाबरा. भीतीला ढकलत बसू नका, दमाल. मी रोज घाबरते, ते काय असं बसून. काही करावं लागत नाही. घाबरलेलंच राहायचं आणि पुढचा श्वास घ्यायचा. त्याच्या पुढचा नाही बघायचा. फक्त पुढचा."

त्यांनी माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली. छाती वर आली, थरथरली, खाली गेली.

"हं," मी म्हटलं. "घाबरलात?"

त्यांनी मान हलवली.

"मीही. आता पुढचा."

त्यांनी तो घेतला.